जुना लष्करी स्नो ब्लोअर घ्यावा का? आधी मागचं इंजिन ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ डकोटात शेतघर घेतलेल्या एका मराठी गृहस्थांना सरकारी लिलावात हवाई दलाचा जुना पिवळा ट्रक दिसला. पुढे बर्फ गिळणारा जबडा, केबिनच्या मागे दुसरं इंजिन, आणि ओडोमीटरवर जेमतेम चार हजार मैल. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची अर्ध्या मैलाची वाट साफ करायला तो घ्यावा का? दोन इंजिनं कशाला? आणि इतका कमी पळालेला ट्रक कोणी विकतं का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. निव्वळ वाट साफ करायला घेऊ नका. त्यासाठी ट्रॅक्टरला मागून जोडायचा ब्लोअर मिळतो, तो पुरे. लग्नाच्या वरातीतला हत्ती दळण आणायला वापरता येतो, पण त्याचा चारा कोण घालणार? मात्र जुन्या यंत्राचा नाद असेल, पत्र्याची मोठी शेड असेल आणि हाताला ग्रीस लागलेलं चालत असेल, तर पुढचं सगळं वाचा.

मी मूळचा इस्लामपूरकडचा, आयटीआयचा डिझेल मेकॅनिक. १९८८ ला अमेरिकेत आलो आणि उत्तर मिशिगनमधल्या एका विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस हिवाळे काढले. लेक सुपीरियरवरून येणारा वारा तिथे बर्फ नुसता ओततो. जवळच्या कीविनॉ भागात रस्त्याच्या कडेला बर्फाची उंची दाखवणारा एक भला मोठा खांब उभा आहे. त्यावरचा उच्चांक १९७८-७९ च्या हिवाळ्याचा: ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. आमच्याकडची निम्मी यंत्रं बंद झालेल्या हवाई तळांवरून आली होती, त्यामुळे तुमच्या फोटोतल्या ट्रकची जातकुळी मला ओळखीची आहे.

आता दोन इंजिनांचं. हे कोडं बर्फाचं कमी आणि गतीचं जास्त आहे. ब्लोअरचा जबडा म्हणजे आडवे फिरणारे मळसूत्री कटर. ते बर्फ खरवडून मधोमध आणतात आणि मागच्या इम्पेलरच्या तोंडी देतात. इम्पेलर म्हणजे जाड पात्यांचा पंखा. तो बर्फ वरच्या च्यूटमधून, म्हणजे फिरवता येणाऱ्या नळकांड्यातून, भिरकावतो. गावाकडे मळणी यंत्र भुसा उडवतं ना, अगदी तसंच. हे साम्य मी जुळवलेलं नाही. कॅनडात क्युबेकमधल्या आर्थर सिकार्डला तरुणपणी मळणी यंत्र बघूनच ही कल्पना सुचली असं सांगतात. घरचा धंदा दुधाचा, आणि हिवाळ्यात रस्ते बंद झाले की दूध गावात पोचेना. १९२५ मध्ये त्याने स्वतःच्या चाकांवर चालणारा पहिला ब्लोअर चालवून दाखवला आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ गावाने एक विकत घेतला. त्या पहिल्या यंत्रातही ट्रकचं इंजिन वेगळं आणि ब्लोअरचं वेगळं होतं. बर्फ नव्वद फुटांपर्यंत जायचा.

वेगळं का? ढीग जितका उंच तितका ट्रक हळू न्यावा लागतो, माणूस चालतो त्याहूनही हळू. पण पंखा मात्र पूर्ण वेगातच फिरायला हवा. एकाच इंजिनावर दोन्ही जोडलं तर ट्रक हळू करायला जाल आणि पंखाही मंदावेल. मंदावलेला पंखा बर्फ फेकत नाही, तो बर्फ थापतो. च्यूट मिनिटभरात सिमेंट भरल्यासारखा चोंदतो. म्हणून पुढचं इंजिन रांगायला आणि मागचं गरगरायला. आता हायड्रॉलिक चालीची एक-इंजिनी यंत्रंही आली आहेत, पण पन्नास-साठच्या दशकात खात्रीचा मार्ग हाच होता. ट्रकसाठी एक माणूस आणि च्यूट फिरवायला दुसरा, असे बहुधा दोघं बसत. वाऱ्याच्या विरुद्ध बर्फ फेकला तर तो आपल्याच काचेवर परत येतो. ही अक्कल पहिल्या रात्रीच येते.

साध्या रस्त्यावर नुसता प्लाऊ, म्हणजे पुढचं तिरकं पातं, चालून जातं. मग धावपट्टीवर ब्लोअर का लागतो? प्लाऊ बर्फ उचलत नाही, बाजूला सारतो, आणि कडेला वरंबा तयार होतो. उसाच्या सरीतला असतो तसाच, पण छातीइतका. रस्त्याच्या कडेला तो राहिला तरी काही बिघडत नाही. धावपट्टीच्या कडेला मात्र दिवे असतात, विमानांच्या पंखांखाली लटकणारी इंजिनं असतात, बाहेर आलेली पंखांची टोकं असतात. म्हणून प्लाऊ एकामागे एक तिरक्या रांगेत निघतात. पहिला मधल्या रेषेजवळ, दुसरा त्याचा वरंबा आणखी ढकलणारा, तिसरा त्याच्याही पुढे. शेवटी कडेला आलेला मोठा वरंबा ब्लोअर गिळतो आणि दिव्यांच्या पलीकडे फेकतो. रांगेत अंतर चुकलं की मधे बर्फाची पट्टी उरते आणि सगळी वरात पुन्हा फिरवावी लागते.

या कामाचा आकार आकड्यात सांगितल्याशिवाय कळत नाही. शीतयुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांच्या धावपट्ट्या तीनशे फूट रुंद असत. मेन राज्यातल्या लोरिंग तळाच्या पट्टीची लांबी बारा हजार फुटांहून जास्त होती. बारा हजार गुणिले तीनशे, त्यावर फक्त एक इंच बर्फ: तीन लाख घनफूट. अमेरिकन विमान वाहतूक खातं हिशेबाला घनफुटाला पंचवीस पौंड धरतं. त्या हिशेबाने हे साधारण ३,४०० टन झाले, म्हणजे दहा टनी ट्रकच्या ३४० खेपा, एका इंचाच्या. भुसभुशीत ताजा बर्फ याच्या चौथाईच भरतो. पण ओला आणि वाऱ्याने दाबलेला बर्फ पंचवीसलाही जुमानत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? अमेरिकेच्या सामरिक हवाई दलाने १९५७ च्या ऑक्टोबरात बॉम्बफेकी विमानं जमिनीवर सज्ज ठेवायची पद्धत सुरू केली. क्षेपणास्त्र येतंय असं कळल्यापासून पंधरा मिनिटांत विमान आकाशात, असा नेम. आता बघा, उत्तरेकडचे तळ कुठे होते: मेन, मिशिगन, नॉर्थ डकोटातले मायनॉट आणि ग्रँड फोर्क्स, अलास्का, लॅब्राडॉरमधलं गूज बे, ग्रीनलंडमधलं थुले. सगळीकडे बर्फ. त्याआधी कॅनडात बऱ्याच ठिकाणी बर्फ काढतच नसत, रोलर फिरवून दाबत आणि हलकी विमानं त्यावर उतरत. शंभर-दोनशे टनांच्या जेट विमानांना ते चालेना. चाकं रुतणार, इंजिनं बर्फ ओढणार. तेव्हा पट्टी काळी दिसेपर्यंत घासणं आलं, तेही रात्रंदिवस. तुमच्या फोटोतला ट्रक या घाईचं अपत्य आहे.

म्हणूनच तो कमी पळालेला आहे. त्याला जायचं कुठे होतं? शेडमधून पट्टीवर, पट्टीवरून शेडमध्ये. हवाई दलाची मंडळी त्या शेडला 'स्नो बार्न' म्हणतात, म्हणजे बर्फाचा गोठा. पण ओडोमीटरवर भुलू नका. चार हजार मैलांतले निम्मे जरी ताशी दोन मैलांच्या रांगण्यात गेले असतील, तरी ब्लोअर हजार तास पूर्ण दाबाखाली फिरला. अशा यंत्राचं वय मैलांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. मागच्या इंजिनाचा तासमापक कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो बंद पडलेला असतो, किंवा तिथे नुसतं भोक असतं. मग डोळे आणि कान वापरायचे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे, आणि ती लिलावातल्या लोकांना क्वचितच माहीत असते. महामार्गावरचे प्लाऊ ट्रक मिठाने मरतात. धावपट्टीवर मीठ टाकत नाहीत, कारण ते विमानाचा सांगाडा खातं. तिथे वाळू, किंवा पूर्वी युरिया वापरत. हो, आपण उसाला टाकतो तोच. त्यामुळे हवाई तळाच्या जुन्या ट्रकची चासी बघाल तर चकित व्हाल. पन्नास वर्षांचं लोखंड, पण पाट्याचे बोल्ट पाना लावला की सुटतात. आमच्या एका ट्रकचा पिवळा रंग खरवडला तर खाली हवाई दलाचा जुना गर्द निळा आणि त्याखाली प्राइमर शाबूत. खरवडताना मास्क लावा, त्या काळच्या रंगात शिसं असायचं. आणि ब्रेक लायनिंग-क्लचप्लेटची धूळ हवेने कधीच उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस धरूनच चाला.

ट्रकचं नाक इतकं लांब का, हेही तुमच्या मनात आलं असेल. विस्कॉन्सिनमधली ऑशकॉश ही कंपनी १९१७ सालची. चारही चाकं ओढणारा तिचा पहिला ट्रक 'ओल्ड बेट्सी' अजून कंपनीकडेच आहे. दुसऱ्या महायुद्धात तिचे डब्ल्यू-७०० मालिकेतले ट्रक सैन्याच्या विमानतळांवर बर्फ काढत होते आणि पन्नासच्या दशकात हवाई दलासाठी डब्ल्यूटी-२२०६ आला. या जातीत, आणि न्यूयॉर्कच्या वॉल्टर कंपनीच्या 'स्नो फायटर'मध्ये तर फारच, इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे झुकलेलं असतं. कारण साधं आहे. बर्फात पकड वजनाने येते, आणि ढकलताना पुढची चाकं हलकी पडली की नाक भलतीकडेच वळतं. मागे जोडचाकं नसतात तेही याचसाठी. पुढच्या टायरने केलेल्या चाकोरीतूनच मागचा टायर जातो, नवा बर्फ तुडवत नाही. पुढचा जबडा बहुधा दुसऱ्याच कारखान्याचा असतो. आयोवातल्या डब्यूक गावच्या क्लाउअर कंपनीचा 'स्नोगो' हे त्यातलं जुनं आणि खानदानी नाव. तेव्हा ट्रकवरच्या पाटीखेरीज जबड्यावरची पाटीही वाचा. सुटे भाग तिच्यावरून शोधावे लागतील.

रशियन मंडळींचा स्वभाव वेगळा. त्यांनी ब्लोअर बनवलेच, पण जुन्या लढाऊ विमानांची जेट इंजिनंही ट्रकवर चढवून गरम झोताने पट्ट्या सुकवल्या. दिसायला भारी, इंधनाला राक्षस, आणि वितळलेलं पाणी वेळेत हटवलं नाही तर पुन्हा गोठून काच. अशा यंत्रांशी जोडलेली एक भयंकर आठवणही आहे. ११ ऑक्टोबर १९८४ ला ओम्स्कमध्ये पट्टी सुकवणारी वाहनं पट्टीवर असताना टीयू-१५४ विमान उतरलं. नियंत्रकाला डुलकी लागली होती. १७८ माणसं गेली. त्याच्या सहा वर्षं आधी, ११ फेब्रुवारी १९७८ ला कॅनडातल्या क्रॅनब्रूकमध्ये बोईंग ७३७ टेकलं आणि समोर बर्फ काढणारं यंत्र. विमान अंदाजापेक्षा आधी आलं होतं. वैमानिकाने परत वर घेतलं, यंत्रावरून गेलाही, पण एका बाजूचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा वळवून वेग कमी करणारी झडप, पूर्ण मिटला नव्हता. ४९ पैकी ४३ जण गेले. आमच्याकडे नव्या पोराला किल्ली देण्याआधी हा किस्सा सांगायचे. रेडिओ बंद असेल तर इंजिन चालू करायचं नाही. पट्टीवर आपण पाहुणे, मालक विमान.

आता माझी स्वतःची चूक. १९९६ चा जानेवारी, पहाटेचे तीन. सरोवराकडून बर्फ आडवा येत होता. ब्लोअरच्या कटरच्या शाफ्टवर शिअर पिन असते, मुद्दाम मऊ पोलादाची. जबड्यात दगड, लोखंड, गोठलेला गोळा आला की ती तुटते आणि गिअर वाचतो. घरातल्या फ्यूजसारखी. त्या रात्री मी तीन पिना तोडल्या आणि डबा रिकामा झाला. स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे, तो घरी झोपलेला. पहिलं विमान सहाला. मी वर्कशॉपच्या कप्प्यातून मापाला बसेल असा एक बोल्ट उचलला. डोक्यावर सहा उठावदार रेषा होत्या. अमेरिकेत त्याचा अर्थ ग्रेड आठ, कडक पोलाद. मला अर्थ माहीत होता. पण घाई होती आणि वाटलं, दोन तासांचा तर प्रश्न.

चाळीस मिनिटं छान गेली. मग वरंब्यात पुरलेली ओढकामाची साखळी जबड्यात आली, कोणीतरी विसरलेली, फूटभर लांब. कटर थांबला, बोल्ट तुटला नाही. आवाज स्फोटासारखा नव्हता, उखळात नारळ फोडल्यासारखा होता, एकदाच. खाली उतरलो तर गिअरकेसचा कान तडकलेला आणि पांढऱ्या बर्फात मधासारखं तेल हळूहळू भोक पाडत खाली जात होतं. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्यावर साधा ओरखडाही नव्हता. तसलं ओतीव काम नव्याने मिळेना. दुसऱ्या एका मोडीतल्या यंत्राची केस शोधून, लेथवर मापाला आणून बसवेपर्यंत मार्च उजाडला. साहेबांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. त्यानंतर केबिनमध्ये तारेने टांगलेला पिनांचा डबा मी कधी रिकामा होऊ दिला नाही.

बघायला जाल तेव्हा दलालाला आदल्या दिवशी सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड मागचं इंजिन कसं सुटतं, त्यातच निम्मी गोष्ट कळते. जुन्या यंत्रांवर हॉल-स्कॉट, हर्क्युलिस, वॉकेशा असली अजस्र पेट्रोल इंजिनं असतात. आवाज गोड, पण अडीचशे अश्वशक्ती पूर्ण दाबाखाली तासाला सत्तर-ऐंशी लिटर पेट्रोल पितात, आणि ते फक्त मागचं. कोणी नंतर डेट्रॉइट डिझेल बसवलं असेल तर सुटे भाग सहज मिळतील, फक्त कानात बोळे घाला. मागचं इंजिन चालू झालं की त्याचा क्लच सुटतो का ते बघा. वर्षानुवर्षं उभ्या यंत्राची प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते, आणि मग इंजिन सुरू होताच पंखाही फिरायला लागतो. म्हणून पहिल्यांदा चालू करताना जबड्यापुढे कोणी उभं राहू देऊ नका, मुलं तर नाहीच.

मग इंजिन बंद, दोन्ही किल्ल्या खिशात, बॅटरीची तार सोडलेली, आणि तेव्हाच जबड्यात डोकं घाला. बर्फ अडकला तर तो हाताने काढायचा नाही, लांब दांडा वापरायचा. अडकलेल्या पंख्यात पीळ साठलेला असतो, गोळा निघाला की तो इंजिन बंद असूनही अर्धा फेरा मारतो. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत, सगळी अनुभवी होती. इम्पेलर हाताने हलवून बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे का ते बघा. पात्यांची टोकं आणि भोवतालचा पत्रा यातली फट बोटभर झाली असेल तर फेक निम्मी झाली समजा. पत्र्यावर हातोडीने टकटक करत फिरा. जाड पत्रा टणटणतो, वाळूने झिजलेला डबड्यासारखा वाजतो. गिअरकेस आणि चेनकेसचा खालचा प्लग ढिला करून पहिलं काय येतं ते पाहा. आधी पाणी आलं तर हिवाळ्यात ते आत गोठत होतं हे उघड आहे. तेल दुधाळ असेल तर किंमत निम्मी सांगा. ब्रेक, टायर, वायरिंग यावर मी वेळ घालवणार नाही. ते सगळं बदलावंच लागेल, ते धरूनच बोली लावा.

आणि आणायचा कसा ते आधी ठरवा. रुंदी आणि वजन या दोन्हींत तो रस्त्याच्या नियमाबाहेर जाण्याची शक्यता मोठी. जबडा सोडवून वेगळ्या ट्रेलरवर आणणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. वाहतुकीचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त झालेला मी दोनदा पाहिलाय.

एवढं करूनही मन तिथेच अडकलं असेल तर मला तीन फोटो पाठवा: ट्रकची पाटी, जबड्याची पाटी, आणि कटरच्या शाफ्टवर शिअर पिनच्या जागी आत्ता जे काही बसवलंय त्याचं डोकं. त्या डोक्यावर सहा रेषा दिसल्या, तर बोली लावायच्या आधी गुडघ्यावर बसून गिअरकेसच्या खाली टॉर्च मारा.